फिंचचा कोट आणि अण्णांचं जाकीट

१९२२ सालच्या एव्हरेस्ट मोहिमेतल्या इंग्रज साहेबांचे फोटो एकदा गुगलवर बघा. ट्वीडचे कोट, लोकरी मफलर, पायात गुंडाळलेल्या पट्ट्या, डोक्यावर फेल्ट हॅट. जगातल्या सगळ्यात उंच डोंगरावर चाललेत की महाबळेश्वरला फिरायला, कळत नाही. याच मोहिमेत जॉर्ज इंगल फिंच नावाचा एक तेहेतीस वर्षांचा केमिस्ट होता. त्याने अंगात जे घातलं होतं ते बाकीच्यांच्या दृष्टीने निव्वळ हास्यास्पद होतं. बलूनच्या कापडाचा, गुडघ्यापर्यंत येणारा, फुगलेला कोट. आत आयडर बदकाची लव भरलेली. हा कोट त्याने स्वतः डिझाइन केला होता. आज रस्त्यावर दिसणाऱ्या प्रत्येक पफर जॅकेटचा पूर्वज म्हणून याच कोटाचं नाव घेतलं जातं.

तेव्हा मात्र लोक हसले.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. रोज पाषाण रस्त्याने जाता-येता एनसीएलची, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची भिंत लागते. या फिंचचा त्या भिंतीशी काय संबंध आहे ते पुढे सांगतो. त्याआधी त्याचा कोट समजून घेऊ, कारण मागच्या दिवाळीनंतर मला एक बिनबाह्यांचं गरम जाकीट विकत घ्यायचं होतं. माझ्यासाठी नाही, निफाड तालुक्यातल्या आमच्या गावी रात्री कांद्याला पाणी भरणाऱ्या माझ्या वडिलांसाठी. इंजिनियर माणूस एक जाकीट घ्यायला निघाला की शंभर वर्षं मागे जातो. त्याला इलाज नाही.

ऊब म्हणजे कोंडलेली हवा

फिंच ऑस्ट्रेलियात जन्मलेला, झुरिकच्या ईटीएचमध्ये शिकलेला. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या वर्तुळातला नाही. वाटाड्या न घेता आल्प्स चढणारा, तोंडावर बोलणारा. १९२१ च्या पहिल्या मोहिमेतून त्याला वैद्यकीय कारण दाखवून वगळलं होतं. १९२२ ला घेतलं, पण 'आपल्यातला' म्हणून नाही. गरज म्हणून. ऑक्सिजनची यंत्रणा कळणारा माणूस हवा होता.

तो केमिस्ट होता, त्यामुळे त्याने थंडीकडे धैर्याचा प्रश्न म्हणून पाहिलं नाही, उष्णतेच्या हिशेबाचा प्रश्न म्हणून पाहिलं. कपडा स्वतः ऊब देत नाही. ऊब आपलं शरीर तयार करतं, कपडा फक्त ती बाहेर पळू देत नाही. आणि पळू न देण्याचं काम धाग्यापेक्षा धाग्यांमध्ये अडकलेली हवा जास्त करते. स्थिर हवा ही उष्णतेची फार वाईट वाहक आहे. अट एकच, ती स्थिर पाहिजे. हलली की उष्णता घेऊन गेलीच.

आता आयडर बदकाचं बघा. उत्तरेच्या थंड समुद्रकिनाऱ्यांवर राहणारं हे बदक. मादी स्वतःच्या छातीवरची लव उपटून घरट्यात अंथरते आणि अंड्यांना ऊब देते. आइसलंडमध्ये लोक ती लव घरट्यांतून गोळा करतात. या लवेला पिसासारखा कडक दांडा नसतो. एका बिंदूतून शेकडो अतिबारीक तंतू सगळ्या दिशांना फुटलेले असतात आणि ते एकमेकांत अडकून हवेचे असंख्य कप्पे करतात. वजन जवळजवळ नाही, हवा भरपूर.

आज दुकानात डाऊन जॅकेटच्या लेबलवर ६००, ७००, ८०० असे आकडे असतात. त्याला फिल पॉवर म्हणतात. एक औंस, म्हणजे साधारण २८ ग्रॅम लव मोकळी सोडली तर किती घनइंच जागा व्यापते, तो हा आकडा. ८०० म्हणजे जवळपास १३ लिटर. पिण्याच्या पाण्याचे २० लिटरचे जार असतात ना, त्याचा अर्ध्याहून जास्त भाग २८ ग्रॅम लवेने भरतो. पण हा आकडा लवेचा दर्जा सांगतो, आत लव किती भरली आहे ते सांगत नाही. ८०० ची चिमूटभर लव असलेल्या जाकिटापेक्षा ६०० ची भरपूर लव असलेलं जाकीट जास्त उबदार असू शकतं. सेल्समन हे सांगत नाही.

२७ मे १९२२

फिंचसोबत जेफ्री ब्रूस होता. तो सैन्यातला अधिकारी. याआधी एकही डोंगर खऱ्या अर्थाने चढलेला नव्हता. आणि तेजबीर नावाचा गुरखा जवान. सुमारे ७,७०० मीटरवर त्यांनी तंबू ठोकला आणि वादळ आलं. एक रात्र, मग अख्खा दिवस, मग आणखी एक रात्र. तिघं एका छोट्या तंबूत, तंबू उडून जाऊ नये म्हणून धरून बसलेले. दुसऱ्या संध्याकाळी बाहेरून आवाज आले. खालच्या छावणीतून सहा शेर्पा हमाल त्या वाऱ्यात थर्मासमधून गरम पेय घेऊन वर चढून आले होते. त्यांच्या अंगात आयडरचा कोट नव्हता.

त्या रात्री गारठा अंगात भिनायला लागला तेव्हा फिंचने सगळ्यांना थोडा थोडा ऑक्सिजन घ्यायला लावला आणि हातापायांत ऊब परतली. तेही रसायनशास्त्रच. शरीर ही शेकोटी असेल तर ऑक्सिजनशिवाय ती पेटणार कशी?

२७ मे रोजी ते वर निघाले. तेजबीर थकून मागे फिरला. फिंच आणि ब्रूस सुमारे ८,३२० मीटरपर्यंत पोचले. तोवर कुणीही माणूस डोंगर चढून एवढ्या उंचीवर पोचला नव्हता. सहाच दिवसांपूर्वी मॅलरी, नॉर्टन आणि सॉमरवेल ऑक्सिजनशिवाय सुमारे ८,२२५ मीटरवर जाऊन आले होते. मग ब्रूसच्या यंत्रातली काचेची नळी फुटली. फिंचने त्याला सावरलं, नळी दुरुस्त केली आणि माघारी फिरायचं ठरवलं.

मोहिमेतल्याच एका थंड दिवशी फिंचने डायरीत नोंद केली की आता माझ्या कोटाला कुणी हसत नाही, सगळ्यांना हेवा वाटतोय. पण हेवा वाटणं वेगळं आणि मान्य करणं वेगळं. पुढे व्याख्यानांच्या मानधनावरून फिंचचं एव्हरेस्ट कमिटीशी बिनसलं आणि १९२४ च्या मोहिमेत तो नव्हता. त्या मोहिमेत मॅलरी आणि अर्विन परतले नाहीत. १९९९ साली मॅलरीचा देह सापडला तेव्हा अंगावर रेशीम, सुती, लोकर आणि वर गॅबर्डिन असे थर होते.

इथे एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. ते कपडे वाटतात तितके वाईट नव्हते. अभ्यासकांनी त्यांच्या हुबेहूब प्रतिकृती करून घेतल्या आणि २००६ मध्ये एव्हरेस्टवर घालून पाहिल्या. हलके, चढताना सोयीचे, हालचाल चालू असेपर्यंत पुरेसे उबदार. अडचण थांबल्यावर. रात्र उघड्यावर काढायची वेळ आली तर ते पुरे पडले नसते. म्हणजे प्रश्न 'कोणता कपडा चांगला' असा नसतोच. अंग हलतंय की थांबलंय, कोरडं आहे की ओलं, हे आधी विचारावं लागतं.

टाके कशासाठी

फिंचनंतरचा मोठा टप्पा अमेरिकेत सिअ‍ॅटलला आला. एडी बाउर नावाचा दुकानदार १९३० च्या दशकात हिवाळी मासेमारीला गेला होता. पाठीवर माशांचं ओझं, घामाने भिजलेला लोकरी शर्ट. दमून बसला आणि झोप यायला लागली. थंडीने मरताना अशीच झोप येते. मित्रामुळे वाचला. परत येऊन त्याने लव भरलेलं, चौकटीचौकटीने शिवलेलं जॅकेट बनवलं आणि १९३६ साली विकायला काढलं. १९४० मध्ये त्याला पेटंट मिळालं. दुसऱ्या महायुद्धात त्याने अमेरिकन वैमानिकांसाठी असे पार्का बनवले.

त्या आडव्या-उभ्या टाक्यांना इतकं महत्त्व का? कारण लव सुटी ठेवली की ती घसरून खाली जमा होते. वर नुसतं कापड आणि खाली गाठोडं. टाका तिला जागेवर धरतो.

आपल्याकडे हे कुणाला शिकवावं लागलं नाही. गोधडीत जुन्या लुगड्यांचे थर एकमेकांवर ठेवून आई-आजी धावदोरा घालतात तो याचसाठी, थर सरकू नयेत म्हणून. रजईत कापूस गोळा होऊ नये म्हणून टाके घालतात, आणि तरी तो काही वर्षांनी दबतोच. मग पिंजारी यायचा. खांद्यावर धनुष्यासारखी पिंजण, तातेचा तो टण-टण आवाज, आणि कडक झालेला कापूस अंगणात पुन्हा ढगासारखा. पिंजारी कापूस नवा घालत नव्हता, त्यात हवा घालत होता. आजच्या डाऊन जाकिटाच्या लेबलवर 'ड्रायरमध्ये दोन-तीन टेनिस बॉल टाकून वाळवा' असं लिहिलेलं असतं. ते बॉल पिंजाऱ्याचंच काम करतात.

आणि बाह्या? उत्तर भारतात कापूस भरलेली सदरी पिढ्यान् पिढ्या घातली जाते. आपल्याकडे बंडी आहे. गंमत म्हणजे इंग्रजांचा 'जॅकेट' हा शब्द मराठीत 'जाकीट' होऊन आला आणि येताना त्याच्या बाह्या गळाल्या. जाकीट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बिनबाह्यांचंच येतं.

अमेरिकेतही हे फुगीर जाकीट लोकांच्या अंगवळणी पडायला वेळ लागला असावा, निदान 'बॅक टू द फ्यूचर' बघताना तसं वाटतं. १९८५ च्या त्या सिनेमात मार्टी लाल पफर जाकीट घालून १९५५ सालात जातो, आणि तिथले लोक त्याला विचारतात, लाइफ जॅकेट घालून का फिरतोयस? आज नेमकं उलटं झालंय. न्यूयॉर्कच्या बँकांमध्ये आणि सिलिकॉन व्हॅलीत बिनबाह्यांचं जाकीट हा गणवेश झाला. इतका, की २०१९ मध्ये पॅटागोनिया कंपनीने आपल्या जाकिटांवर कुठल्या कंपन्यांचे लोगो लावून द्यायचे याचे नियम बदलले तर त्याची जगभर बातमी झाली. आमच्याही ऑफिसात एसी २२ वर असतो आणि अर्धा फ्लोअर लोगोवाली जाकिटं घालून बसलेला असतो. खाली गेटवर रात्रपाळीचा वॉचमन कानटोपी घालून खुर्चीत. थंडी त्याला वाजते, जाकीट आम्हाला मिळतं.

बाह्या नसून ऊब कशी?

अण्णांसाठी जाकीट बघताना मला हाच प्रश्न पडला. हात उघडे ठेवून काय उपयोग?

उत्तर शरीराच्या प्राधान्यक्रमात आहे. कोडच्या भाषेत सांगायचं तर लोड वाढला की सिस्टम आधी महत्त्वाच्या सेवा वाचवते. हृदय, फुप्फुसं, यकृत धडात आहेत. धड गार व्हायला लागलं की शरीर हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळतं आणि गरम रक्त मध्यभागी राखून ठेवतं. बोटं बधिर होतात ती फक्त बाहेरच्या गारव्याने नाही, आतून रक्तपुरवठा कमी केल्यामुळेही. धड गरम राहिलं तर शरीराला ही कपात करावी लागत नाही आणि बोटांपर्यंत रक्त जात राहतं. वारा आणि पाणी थेट हातावर असेल तर मोजे लागतातच, जाकीट जादू करत नाही. पण काम करणाऱ्या माणसाला खांदे मोकळे लागतात, आणि तिथे बिनबाह्यांचं जाकीट बरोबर बसतं.

आमच्याकडे शेतीला थ्री फेज लाइट पाळीने येते. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीची पाळी असली की अण्णा मोटर चालू करून मध्यरात्री कांद्याच्या वाफ्यांत दारं धरायला जातात. एका हातात फावडं, एका हातात बॅटरी, पाय गारेगार पाण्यात, आणि बाजूच्या उसात बिबट्या असू शकतो म्हणून मधूनमधून मोठ्याने खोकायचं. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा चार-पाच अंशांवर येतो. द्राक्षवाले बागांत शेकोट्या पेटवतात, घड वाचवायला. गेल्या वर्षी एका रात्री अण्णांच्या हातातून बॅटरी दोनदा पडली आणि स्टार्टरचं बटण बोटाने दाबता येईना म्हणून त्यांनी ते कोपराने दाबलं. हे त्यांनी हसत सांगितलं. मला हसू आलं नाही. अंधारात, ओल्या हाताने, विजेच्या पेटीशी कोपराने.

काय घेतलं, का घेतलं

लवेचं जाकीट उबेला सगळ्यात भारी. पण लव ओली झाली की तंतू चिकटतात, हवा निघून जाते आणि हातात ओला बोळा राहतो. पाणी स्थिर हवेच्या वीस-पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेतं. अमेरिकन सैन्याला हीच अडचण होती, म्हणून १९८० च्या दशकात अल्बनी इंटरनॅशनल या कंपनीने त्यांच्यासाठी लवेसारखा अतिबारीक कृत्रिम तंतू तयार केला. तो पुढे प्रायमालॉफ्ट नावाने बाजारात आला. लवेपेक्षा थोडा जड, पण भिजला तरी बराच फुगलेला राहतो आणि लवकर वाळतो. बिनपावसाच्या कोरड्या थंडीत, लडाखला वगैरे, लव घ्यावी. वाफ्यात पाणी भरणाऱ्याला पॉलिएस्टर भरलेलं. हा निर्णय सोपा होता.

मग माप. जाकीट अंगाला लागून हवं, पण आवळून नको. दाबलं की हवा गेली. काखेची भोकं मोठी असली की हात हलवला की वारा आत, म्हणून ती बेताची. मागून कमरेखाली येईल इतकी लांबी, कारण फावडं मारताना वाकलं की पाठ उघडी पडते. कॉलर उभी. खिशाला चेन. रंग मातकट. आणि आत काय घालायचं हेही तितकंच महत्त्वाचं. सुती बनियन घाम शोषून ओलं राहतं, म्हणून आतून पातळ लोकरी किंवा पॉलिएस्टरचं काहीतरी. किंमत मी अण्णांना अर्धी सांगितली. हे सगळेच करतात.

अण्णांनी हातात घेऊन उलटसुलट केलं. "शिंप्याला कापड पुरलं नाही का?"

आई म्हणाली, "राहू द्या ना, पोराने आणलंय."

पाषाण रस्ता

आता एनसीएल. १९५० मध्ये सुरू झालेल्या या प्रयोगशाळेचे पहिले संचालक जेम्स मॅकबेन. १९५२ ते १९५७ या काळात तिथले दुसरे संचालक होते जॉर्ज इंगल फिंच. तेच, बलूनच्या कापडाचा कोटवाले. मधल्या काळात ते लंडनच्या इम्पिरियल कॉलेजात प्राध्यापक होते, इलेक्ट्रॉन विवर्तनातल्या कामासाठी नावाजलेले, रॉयल सोसायटीचे फेलो. साठी उलटल्यावर पुण्याला आले.

आणि याच काळात, २९ मे १९५३ रोजी, तेनसिंग आणि हिलरी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचले. पाठीवर ऑक्सिजन होता. अंगात लव भरलेले कपडे होते. एकतीस वर्षांपूर्वी ज्या दोन गोष्टींसाठी फिंच भांडले, त्या दोन्ही. ज्या माणसाला पुन्हा एव्हरेस्टवर जाऊ दिलं नाही तो तेव्हा आपल्या पुण्यात एका प्रयोगशाळेचा कारभार बघत होता. मला हे कळलं तेव्हा मी पंचवीस वर्षांचा होतो आणि त्या भिंतीवरून किमान हजार वेळा गेलो होतो. शाळेत तेनसिंग-हिलरी पाठ केले होते, फिंच कुठेच नव्हते.

फिंचना अखेर न्याय मिळाला, असं म्हणून इथे थांबता येईल. पण मला त्या तंबूबाहेर आलेले सहा हमाल जास्त आठवतात. १९२२ च्या त्याच मोहिमेत ७ जूनला हिमकडा कोसळला आणि सात शेर्पा गेले. ऊब कशी तयार करायची हे फिंचने दाखवलं. ती कुणाकुणाच्या अंगावर पोचते हा हिशेब केमिस्ट्रीत बसत नाही. शंभर वर्षांनंतरही ती आधी एसीत बसणाऱ्यापर्यंत येते आणि मग, कधीतरी, पाण्यात उभ्या असणाऱ्यापर्यंत.

पुढच्या रात्रपाळीला मी गावीच होतो, म्हणून अण्णांबरोबर गेलो. त्यांनी जाकीट घातलं होतं, पण वरून त्यांचा जुना ढगळ शर्ट. मला वाटलं लाजतायत. विचारलं तर म्हणाले, "चिखल उडतो, बाभळीचे काटे लागतात. एवढं महागाचं फाटलं तर?" म्हणजे किंमत त्यांना कळलीच होती. आणि ढगळ शर्टामुळे जाकीट दबत नव्हतं, वाराही अडत होता. बाहेर वारा अडवणारा थर, आत हवा धरणारा थर. लेयरिंगवरचे व्हिडिओ मी पाहिले होते, त्यांनी नाही.

पहाटे चारच्या सुमारास शेवटचा वाफा भरला. स्टार्टरचं बटण त्यांनी अंगठ्याने दाबलं. पलीकडच्या बांधावर आमच्याकडे रोजाने पाणी भरायला येणारे काका पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन बसले होते. अण्णा त्यांच्याकडे बघत मला म्हणाले, "पुढच्या खेपेला येशील तेव्हा अजून एक आण. थोडं मोठं बघ, ते अंगाने भरलेले आहेत."